दुसऱ्या फोनचा अर्ज

संत्र्यांच्या पेट्या. दुखरा गुडघा. वाऱ्यानं मुका होणारा फोन. सदर भागातल्या टेलिफोन कचेरीत रांगेत उभ्या कौशल्याच्या कानावर पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याचं, रुपराव-प्रयागबाईंचं, बोलणं असं तुकड्यातुकड्यानं पडत होतं.

“घरात एक फोन हाय, मंग दुसरा काहून जी?”

“पहिला बंद पडला तं कलकत्त्याचा भाव कसा समजंन वं? संत्रं थांबते का?”

“तवा मले धाडता ना शेजारच्या कुसुमताईकडं फोन कराले.”

“तू गुडघा धरून तिचा जिना चढतं, तवा भावात ध्यान नाही राहत माह्यं.”

“अर्जात कारण काय लिहिलं?”

“धंदा.”

“खोटं लिहिलं जी.”

“गुडघ्यासाठी सरकार फोन देते का वं?”

दुसरा फोन सात वर्षांनी लागला. तोवर फोन बंद पडला की कुसुमताईंचा जिना प्रयागबाईंऐवजी रुपरावच चढू लागले.