मॅडमचा फोटो डीपीवरून उतरवताना

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

मला बोलता येत नाही. सेक्रेटरी काकांनी माईक हातात दिला आणि म्हणाले, विद्यार्थ्यांच्या वतीने दोन मिनिटं बोल. पण आज गप्प बसून चालणार नाही. म्हणून चुकतमाकत बोलतो, सांभाळून घ्या.

शोकसभेत असं कोणी सांगत नाही, मी सांगतो. सगळ्यांनी फोन बाहेर काढा. काढा ना, लाजू नका. पण काही उघडू नका. सकाळी आपल्या क्लासच्या ग्रुपवर ‘परब मॅडमच्या आठवणी’ नावाची एक फाईल आली आहे. तिला हात लावायचा नाही. कोणीच नाही. का ते सांगतो.

काका, तुम्हीसुद्धा. पहिल्या रांगेत बसलेत ते परब काका, मॅडमचे मिस्टर. काका, तुमचा फोन मांडीवर पालथा ठेवा. माझं बोलणं होईपर्यंत. एवढं ऐका.

जे बाहेरून आलेत त्यांच्यासाठी सांगतो. परब मॅडम इथेच, चारकोपला, या बिल्डिंगच्या तळमजल्यावर क्लास चालवायच्या. आधी टायपिंगचा. मग मशिनं गेली, कॉम्प्युटर आले. मग पोरं यायची बंद झाली, कारण पोरांना सगळं आधीच येतं, निदान त्यांना तसं वाटतं. मग आल्या पोरांच्या आया, आज्या. मासळीबाजारातल्या मावशा आल्या. रिटायर झालेले काका आले. मुलाने दिलेला फोन पिशवीत घालून यायचे आणि म्हणायचे, मॅडम, हा सारखा काहीतरी विचारतो हो, याला काय उत्तर देऊ?

मी शिकायला आलो नव्हतो. मी भंगार उचलायला आलो होतो. तेव्हा मी देवनारला एकाकडे जुने कॉम्प्युटर फोडायचो. त्याआधी कुर्ल्याला टर्मिनसवर पार्सलं ढकलली, त्याआधी मांडव बांधले, एक गणपतीचा मांडव तर असा बांधला होता की... जाऊ दे, ते नंतर. तर मी बंद पडलेला डबा उचलायला वाकलो आणि मॅडम म्हणाल्या, "उचलण्याआधी सांग, यात काय काय आहे?" मी म्हटलं, तांबं आहे, अ‍ॅल्युमिनिअम आहे. त्या हसायला लागल्या. "मेल्या, हाडं मोजलीस, माणूस नाही ओळखलास. बस."

मी बसलो. कुठेच न बसणारा मी, तिथे बसलो.

त्यांनी तो डबा टेबलावर उघडला. म्हणाल्या, ही रॅम, हा स्वयंपाकाचा ओटा. ही हार्ड डिस्क, हे फडताळ. फडताळात कितीही भरा, पण ओटा वीतभर असेल तर एका वेळी एकच भाजी होणार. म्हणून तुमचा फोन रखडतो, त्याला शिव्या देऊ नका, ओट्यावरची भांडी उचला. म्हणजे उघडी राहिलेली अ‍ॅप बंद करा.

मागून मासळीवाल्या पार्वती मावशी ओरडल्या, "मॅडम, आणि रीस्टार्ट म्हंजे? परत लगीन?"

मॅडम म्हणाल्या, "नाही गं. त्याच नवऱ्याबरोबर सकाळी नव्याने भांडण."

काका, तेव्हा तुम्ही दारात चहा घेऊन उभे होतात. आठवतं?

असं शिकवायच्या. इंटरनेट म्हणजे खाडीचं पाणी, वाय-फाय म्हणजे होड्या लागतात तो धक्का. धक्का बांधलाय म्हणून भरती आली असं होत नाही. म्हणून वरती वाय-फायची खूण दिसते तरी कधी कधी पान उघडत नाही. मनोरीहून येणाऱ्या एका मावशीला हे एका फटक्यात कळलं, मला दोनदा सांगावं लागलं.

आणि शिकवताना त्यांचे हात कुठे असायचे? सांगा. पाठीमागे. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभ्या राहायच्या. कोणी कितीही अडलं, रडकुंडीला आलं, "मॅडम तुम्हीच दाबा ना" म्हणालं, तरी दुसऱ्याच्या फोनवर बोट ठेवलं नाही. एकदाही नाही. म्हणायच्या, "मी दाबलं तर मला येईल. मला येतंच आहे."

आता त्या फाईलचं बोलतो.

मॅडम गेल्या. आजारी नव्हत्या, काही नव्हतं, दुपारी पडल्या त्या उठल्या नाहीत. आपण काय केलं? आपल्यात करतात तेच केलं. डीपीवर त्यांचा फोटो लावला. हाच, इथे हार घातलाय तो, निळ्या साडीतला. एकाने लावला, दुसऱ्याने लावला, संध्याकाळपर्यंत सगळ्या क्लासने लावला. मीसुद्धा. ग्रुप उघडला की वरपासून खालपर्यंत मॅडमच मॅडम. बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

मग या सभेचा निरोप सगळीकडे पाठवला गेला. त्यात ग्रुपची लिंक होती. कोणी टाकली ते मी विचारत नाही. चांगल्या मनाने टाकली. पण लिंक म्हणजे काय? मॅडम सांगायच्या, लिंक म्हणजे दरवाजा. पाटीवर काहीही लिहिता येतं, उघडल्यावर कुठे पोचाल ते पाटी सांगत नाही. आणि आपल्या घराचा दरवाजा रस्त्यावर मांडला, की ओळखीचे येतात तसा चोरही येतो.

तसा एक आलाय. आपल्या ग्रुपमध्ये आहे. आत्ता, या क्षणी आहे. त्यानेही मॅडमचा फोटो लावलाय. आपल्यासारखाच, निळ्या साडीतला. इतक्या मॅडममध्ये एक चोर मॅडम. कोण ओळखणार? त्याला बाहेर काढायचं तर अ‍ॅडमिन लागतो. अ‍ॅडमिन एकच, मॅडम. त्यांचा फोन लॉक आहे आणि पासवर्ड त्यांनी कोणाला सांगितला नाही. कारण पासवर्ड कोणाला सांगायचा नाही हे त्यांनीच आपल्याला शिकवलं होतं. बघा ना.

त्याने टाकलेल्या फाईलमध्ये आठवणी नाहीत. ते अ‍ॅप आहे. डाउनलोड आणि इन्स्टॉल यात फरक काय, हे मॅडमनी बाजारातल्या मावशांना कसं सांगितलं होतं? डाउनलोड म्हणजे पाहुणा दारात आला. इन्स्टॉल म्हणजे त्याला घरात राहायला घेतला. आणि मग तो विचारतो, परवानगी देता का, ‘अलाऊ’ करता का. तिथे हो म्हणालात की चाव्या त्याच्या कमरेला. तुमचे मेसेज तो वाचणार. बँकेचा ओटीपी येईल, तोही तुमच्या आधी त्यालाच दिसणार. आणि तीच फाईल तुमच्या नावाने पुढच्या माणसाला पाठवणार.

हे सगळं मला सकाळी कळलं. काकांच्या घरी.

काका, मी सांगू का? सांगतो. रागवा मग.

मी काकांना इथे आणायला गेलो. काका खुर्चीत बसले होते, हातात फोन. मला म्हणाले, "बाबा, ह्या उघडत नाय रे. कायतरी अलाऊ इचारता." बोट स्क्रीनच्या वर धरलं होतं. एवढंसं अंतर. मी ओरडलो. ओरडलो म्हणजे किंचाळलोच. शेजारच्या ताई धावत आल्या.

मग बघितलं, तर चार दिवस त्यांच्याशी कोणीतरी बोलत होतं. ग्रुपवर नाही, वेगळं, एकट्याशी. मॅडमचा फोटो. ‘जेवलात का?’ काकांचं उत्तर, ‘जेवलंय.’ ‘झोप लागली का?’ ‘नाय.’ आणि मग ती फाईल.

मी म्हटलं, काका, ही मॅडम नाही हो. ब्लॉक करा आधी.

काका म्हणाले, "माका खुळो समजतंस? ती खंय गेली ता माका ठावक आसा. मीच पोचवून इलंय तिका. पण कोणतरी इचारता मा, जेवलास काय."

मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसलो.

मग हळूच म्हणाले, "ब्लॉक केलंय तर तिचो फोटो जातलो."

तुम्हाला माहीत नसेल, काका नंबर सेव्ह करत नाहीत. माणसं फोटोवरून ओळखतात. मॅडमचं आणि त्यांचं यावरून रोज वाजायचं. आता काकांच्या फोनमध्ये बघाल तिथे मॅडम. सगळ्या ओळींत मॅडम. आणि त्यातली एकच त्यांना जेवलात का विचारते. आपल्यापैकी कोणी विचारलं का? मी नाही विचारलं. मी श्रद्धांजलीचं, हात जोडलेलं चित्र पाठवलं.

पार्वती मावशी, तुम्ही मॅडमना एकदा काय शिकवलं होतं? क्लासमध्येच, टोपली खाली ठेवून. मॅडम बोलल्या होत्या, मालवणच्या बाईला तू मासे शिकवतेस? आणि मावशी म्हणाल्या, "वरशी समदी चकचकीतच दिसतान. कल्ला उचलून बघाचा." दुसऱ्या दिवशी मॅडमनी तेच फळ्यावर चढवलं. डीपी म्हणजे वरची चमक. तो कोणीही कोणाचाही लावतो. नंबर म्हणजे कल्ला, माशाच्या गालावरचं झाकण. तो उचलून बघा. लाल आहे की काळा पडलाय, तिथे कळतं.

तर आता कल्ला उचलू या.

आपल्या सगळ्यांच्या डीपीवरून मॅडमचा फोटो उतरवायचा आहे. आत्ता, इथे बसल्या बसल्या. स्वतःचा चेहरा परत लावा. ज्याला येत नाही त्याने शेजाऱ्याला विचारा. शेजाऱ्याने सांगायचं, दाबायचं नाही. मावशी, काय? हो, तुमच्या नातवाचा लावला तरी चालेल. काकांना ओळखता आलं पाहिजे, बस.

मला माहीत आहे, तेरा दिवसही झाले नाहीत आणि फोटो उतरवायला सांगतोय. कडू वाटतंय. पण आपण मॅडमचा चेहरा लावून बसलोय, तोवर चोराला लपायला आपणच जागा देतोय. त्यांचा चेहरा त्याला नका देऊ.

लावा. नेट हळू आहे इथे, चक्र फिरेल, फिरू द्या. मी थांबतो.

झालं? मागच्या रांगेत? सेक्रेटरी काका, तुमचा? ठीक.

काका, आता फोन सुलटा करा. वरून खाली या, सावकाश. त्या मावशी दिसतायत? हा मी, केस विस्कटलेला. या शेजारच्या ताई. हे सेक्रेटरी काका, टाय घातलेले, कोणाच्या लग्नातले कोण जाणे. बघा, सगळे इथेच बसलेत. मान वर करून पडताळून बघा.

आणि एक मॅडम उरली असेल. जेवलात का विचारणारी.

काका, हा हॉल बघा. ती इथे बसलेल्यांपैकी कोणी नाही. आणि आपली मॅडमही नाही. मॅडमनी स्वतःच्या डीपीवर आपला चेहरा कधी लावला होता का? त्यांचा डीपी होता क्लासच्या खिडकीतली जास्वंदीची कुंडी. अजून खाली जा. आहे ना जास्वंद? तो त्यांचा नंबर. त्यांचे सगळे मेसेज तिथेच आहेत. शेवटचा मी सकाळी वाचला, माफ करा. ‘येताना कडीपत्ता आणा, आणि परवासारखी कोथिंबीर आणू नका.’ त्या ह्या. ह्यांना कोणी हात लावणार नाही.

ब्लॉक म्हणजे दार लावून घेणं. दार लावलं म्हणून भिंतीवरची तसबीर पडत नाही, काका. आणि दार वाजवून विचारणारे आम्ही आहोत ना. पार्वती मावशी आत्ताच खुणेने सांगतायत, उद्या दुपारी त्या डबा घेऊन येतायत, आणि तुम्ही नाही म्हणायचं नाही. मीही येईन. किती दिवस टिकेन ते देवाला माहीत, पण येईन.

पोलिसांत तक्रार द्यायला उद्या सकाळी माझ्याबरोबर या, काका. आधी हे होऊ दे.

मी तुमच्या फोनला हात लावणार नाही. मला येतं, पण नाही लावणार. इथलं कोणीच लावणार नाही.

सगळ्यांनी उभं राहू या. हात जोडू नका. हात पाठीमागे घ्या, दोन्ही, घट्ट धरा, मॅडम उभ्या राहायच्या तसे. आणि कोणी काही बोलू नका. एक मिनिट नाही, दोन मिनिटं नाही. काकांचं बोट ‘ब्लॉक’वर खाली येईपर्यंत.

काका, सावकाश. आम्ही उभे आहोत.