"किती टाकू?" विचारणारी विहीर

"अक्का, सून देखणी आणलीस, पण हिच्यात आवाज घालायचा राहून गेला बघ."

हे काकींनी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंनी, मळ्यातल्या चुलीपाशी माझ्या सासूबाईंना हळूच सांगितलं. मी कुडाच्या पलीकडे पाय धूत होते. तक्रार खोटी नव्हती. गृहप्रवेशाला मी उखाणा घेतला, तो फक्त उंबरठ्यानं ऐकला होता.

तर ऐका. आमच्या घरी नव्या सुनेनं दिवेलागणीनंतर मळ्यातली विहीर पुजायची असते. पेटता दिवा घेऊन एकटीनं पायऱ्या उतरायच्या आणि तो पाण्यावर सोडायचा. पण ही विहीर बाधलेली. तिचं पाणी माणसं सोडा, म्हशीही तोंडात घेत नव्हत्या. नव्या सुनेचा दिवा लागला की बाधा उतरेल आणि उद्यापासून घरादारानं तेच पाणी प्यायचं, असं तात्यांनी ठरवलं होतं. तात्या म्हणजे काकींचे यजमान, आमच्या घरचे भूतखात्याचे मंत्री.

सासूबाईंनी विहिरीपुढच्या अंगणात ताट मांडून दिवा लावला. चंद्र उगवल्यावरच खाली उतरायचं होतं, आणि तो अजून वर यायचा होता. मग काय! तात्या बाजेवर मांडी घालून बसले, पोरं भोवती.

"ऐका रं! आपला सोपान गवंडी बाजार करून निघाला. अंधार पडल्याला. बायको म्हनली व्हती, उजेडात ये. ऐकतोय व्हय! वरच्या बंद पंपापासनं खाली आपल्या विहिरीची पायवाट धरली. चाललाय, चाललाय. आन् वास! पेट्रोलचा! पंप बंद. मोटार न्हाई, फटफटी न्हाई. वास कुठनं?"

"कुठनं?" पोरं म्हणाली.

"पंपवाला शेठ! नवा रस्ता लांबनं गेला, गिऱ्हाईक तुटलं, झुरून मेला बिचारा. पन जीव पंपातच अडाकला! सोपानाचं डोस्कं गरगरलं. वाट तीच, पाय भलतीकडं. कसाबसा विहिरीवर आला. घसा कोरडा. पोहरा सोडला, वर वढला, बॅटरी मारली... पान्यावर रंग! तांबडा, निळा, हिरवा, नाचत्यात नुसते! आन् मागनं आवाज आला..." तात्यांनी स्वतःचा आवाज पार तळाला नेला. "किती टाकू?"

"फुल्ल!" माझा धाकटा दीर ओरडला. काकींनी त्याला टपली दिली.

"हसू नगा! सोपान म्हनला, भुताला इस्तवाचं भ्या असतं. बिडी काढली. काडी वढली. बिडी शिलगावली आन् काडी दिली विहिरीत टाकून."

पोरं इथवर घाबरली नव्हती. मला मात्र इथंच घाम फुटला.

का, ते ऐका. लग्नाआधी मी सांगलीत माती-पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होते. बंद पंपांच्या टाक्या जमिनीतच राहतात. गंजतात. उरलंसुरलं पेट्रोल मातीत उतरतं, मातीतून विहिरीत जातं आणि विहिरीत त्याची वाफ कोंडून राहते, ठिणगीची वाट बघत. पंप वर, आमची विहीर खाली. दुपारी विहिरीपाशी वास आला, तेव्हाच मी पंपाखालच्या उतारावरची मूठभर माती उकरली आणि घरून आणलेल्या पाण्याच्या बाटलीत टाकून हलवली. जरा निवळल्यावर वर तेच रंग! बाटली नवऱ्याला दाखवली. त्यांनी वास घेतला, तोंड वाकडं केलं, सगळं पटलं म्हणाले. आणि मग म्हणाले, "तात्यांना तूच सांग."

नाव धैर्यशील आहे त्यांचं.

"भक्क!" तात्या बाजेवरून उडालेच. "जाळ! निळा जाळ! जांभळीच्या शेंड्यापतुर! सोपान उताणा! अर्धी मिशी गेली. एक चप्पल तिथंच. घरात शिरला तर बायको वळखंना, शेजाऱ्याला हाका मारती! म्हून सांगतो, त्या विहिरीच्या वाटंनं रातचं जाऊ नगा. मरंस्तवर जाऊ नगा!"

एवढं बोलून तात्या माझ्याकडे वळले.

"ऊठ पोरी. तुझा मान."

सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. समोर पायऱ्या. नाकात वास. वारं सुटलं तशी ज्योत विहिरीकडे झुकली, कुणी बोलावल्यासारखी. मी धैर्यशीलांकडे पाहिलं. ते जांभळीची पानं मोजत असावेत.

"तात्या..." मी म्हटलं.

"घाबरू नगंस, शेठ बायकांना काय करत न्हाई," तात्या म्हणाले.

"ते नाही, ती टाकी..."

"चल, चल, चंद्र आला."

तेवढ्यात काकींनी सासूबाईंना कोपरानं ढोसलं. "अक्का, उखाण्याबिगर खाली सोडू नगंस गं. आज तरी ऐकू दे आवाज."

आणि सगळं अंगण गप्प झालं. पोरं गप्प, दीर गप्प, तात्यासुद्धा गप्प. नव्या सुनेचं बोलणं मध्येच तोडतात, पण उखाणा कुणी तोडत नाही.

मी विहिरीकडे पाठ केली, चार पावलं लांब गेले, आणि वरच्या पंपावर शेठ असलाच तर त्यालाही ऐकू जावं, अशा आवाजात म्हटलं:

"पंप उठला, शेठ गेला, मातीत राहिली टाकी,
धैर्यशीलरावांचं नाव घेते, आधी दिवा विझवा, पूजा राहू दे बाकी!"