मेधाने जोडलेली नावं

मंडळी, या शोकसभेत मेधाच्या आईसमोर उभं राहून मेधाबद्दल बोलायचं, हे मला जड जातंय. थांबत थांबत बोललो तर सांभाळून घ्या.

मेधा गिरणीत माझ्या साच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या जोडीदाराची मुलगी. संप झाला, आमची गिरणी काही पुन्हा उघडली नाही. तिचा बाप कोकणात गावी गेला, तिथेच वारला. आईने लालबागमध्ये मसाले कांडून तिला शिकवलं. मेधा कंपनीत कॉम्प्युटरवर लागली. तरी दर रविवारी आमच्या कामगार संघटनेच्या ऑफिसात यायची. घरांसाठी अर्ज केलेल्या कामगारांची, त्यांच्या वारसांची सगळी माहिती तीच सांभाळायची.

गेल्या वर्षी ही माहिती ठेवलेल्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर बदलायला घेतलं. जुनं चालेना. नव्यात माहितीची मांडणीच वेगळी. कामगार एका तक्त्यात, वारस दुसऱ्यात, आणि दोघांना जोडणारा एक नंबर. मेधाने आधी माहितीच्या नकलेवर करून बघितलं. आणि यादी परत वरपासून बघायला लागली.

"काय गो?" मी विचारलं.

"काका, हे फक्त हयात कामगारांनाच पलीकडे नेतंय. वारलेले मागे राहतायत. त्यांच्या बायकांच्या नोंदी येतात, पण त्या कोणालाच जोडलेल्या नाहीत. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांत अशा नोंदींना पोरक्या म्हणतात."

कोणीतरी म्हणालं, आत्ता चालू करू, त्या मागाहून बघू.

ती म्हणाली, "मागाहून कोण बघतं? संपानंतर आमच्याकडे कोण बघायला आलं?"



तेव्हा तिचे उपचार सुरू होते. आम्ही म्हटलं, बरी हो, मग कर. "बोटं चालतायत तोवर करते," म्हणाली. माहिती हलवायचा प्रोग्राम तिने नव्याने लिहिला. एकेक वारस तपासला. मगच नवा सर्व्हर चालू केला.

पहिल्याच रविवारी भोईवाड्याच्या सावंतमावशी आल्या. "माझा नाव असा मां गो?" मेधाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मोठ्याने वाचलं. त्यांचं नाव, आणि वर त्यांच्या वारलेल्या मालकांचं. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. मेधाही रडली. एवढ्या आजारपणात मी तिला रडताना तेवढंच पाहिलं.

येत्या रविवारी ऑफिस उघडेल. बायका येतील. मेधाताई कुठे, विचारतील. काय सांगू?

वहिनी, तुमच्या लेकीने आमची माणसं मागे राहू दिली नाहीत.

आता सगळे उभे राहूया. घटकाभर कोणी काही बोलू नका.