धोंडूच्या पायाखालचा अंधार

ऐका. हुंकार देत ऐका. जो गप्प बसेल त्याला परसात एकट्याला पाठवू!

येसू सुईण म्हणजे सात गावांचा मान. तिच्या हातून एकही पोर दगावलं नव्हतं, आणि हे ती स्वतःच चारचौघांत सांगायची. सांगेना का! तुमच्यातले अर्धे तिच्याच हातचे. चेहरे असे निघाले, त्यात तिचा काय दोष?

एका अवसेला निरोप आला : खाडीपलीकडे धोंडू तांडेलाची बायको अडली. होडी बंद. पण ओहोटी होती. येसू निघाली उताराने, म्हणजे खाडीत पाणी उथळ असतं त्या वाटेने, चालत.

पाण्यात पाय टाकला आणि पाणी पेटलं. निळं! भिऊ नका, हे भूत नव्हे. खाडीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. धक्का बसला की त्यांच्या पोटातले दोन रस हवेसंगती मिसळतात नि उजेड पडतो. धूर नाही, चटका नाही. हे मास्तरांचं ज्ञान हो! येसूला एवढंच ठाऊक, की पाणी हललं तर पेटतं, निवांत असलं तर काळं.

अर्ध्यात हाक आली. “वयनी!”

रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते. पण सुईण तीन हाका मोजत बसली तर पोर थांबतंय होय? येसूने ओ दिली. झालं!

पुढे धोंडू उभा. “हयसून येवा, हय पाणी कमी आसा.”

येसू मागोमाग. पाणी गुडघ्याला.

“बायल रडता, बेगीन येवा!” आणि खरंच रडणं ऐकू आलं. पाणी कमरेला!

“हात धरा, वयनी.” पाणी छातीला!

येसूने हात उचलला, आणि खाली बघितलं. तिच्याभोवती निळा जाळ. धोंडूभोवती? काळं. चालतोय, आणि एक ठिणगी नाही!

“धोंड्या, तू चलतंस, मगे पाणी कित्याक पेटणा नाय रे?”

तो हसला. कानापर्यंत फाटत हसला. गिऱ्हा! बुडालेल्याचं भूत! चारी बाजूंनी धोंडूच धोंडू, सगळे हात पुढे केलेले. येसू डगमगली नाही. डावीकडे लाटा फुटत होत्या, तिथे निळी रेघ. लाट फुटते तिथे खडक, खडक तिथे उथळ. धावली!

काठावर खरा धोंडू कंदील घेऊन उभा. येसूने आधी त्याला पाण्यात ढकललं. धपकन उजेड पडला, तेव्हाच त्याच्या घरात शिरली.

पोरगी झाली. ठणठणीत!

अवसेला त्या उताराने जाऊ नका, बाबांनो. येसू एकच होती. गिऱ्हा अजून तिथेच आहे, तुमच्या घरच्यांचे आवाज पाठ करत.