सहा मणक्यांची पाठ

झिपरू : ज्यानं ह्या कागदावर सही केली तो चोर हाय. साहेब असू दे, डॉक्टर असू दे, नायतर त्याच्या वर बसलेला कोण असू दे. 'कामगाराचा मणका नोकरीला लागण्याआधीपासून चेपलेला होता.' वाच, जागृती. मोठ्यानं वाच.

(बोईसर. कंपन्यांच्या कामगारांची मेडिकल करणाऱ्या दवाखान्यातली एक्स-रेची खोली. झिपरूच्या कंबरेला पट्टा, त्याची बायको बायडी दाराशी, एक्स-रे काढणारी जागृती मशीनपाशी.)

जागृती : हळू बोला, झिपरूदादा. बाहेर दुसऱ्या कंपनीची माणसं बसलीत.

बायडी : ऐकू दे त्यांना. उद्या त्यांच्या पाठी पण तुझ्याच मशीनखाली येणार.

जागृती : वहिनी, मी फक्त फोटो काढते. रिपोर्ट डॉक्टर लिहितात.

झिपरू : मग फोटोचंच बोलू. ह्या दोन फिल्म. ही गेल्या महिन्यातली, ड्रम अंगावर आला तेवाची. आणि ही म्हणे चार वर्षांपूर्वीची, मी कामाला लागलो तेवाची. दोन्हीवर माझं नाव. कंपनीच्या साहेबानं स्वतः हातात दिल्या. 'बघ, तोच तिसरा मणका, तसाच चेपलेला. दुखणं घरून घेऊन आलास.' वर हसला. पाड्यावरचा गडी फिल्म उजेडाला धरून काय बघणार?

जागृती : मग तुम्ही काय बघितलंत?

झिपरू : मोजले. शेवटच्या बरगडीपासून खाली. माझ्या कंबरेत पाच मणके. ह्या जुन्या फिल्ममध्ये सहा.

जागृती : (फिल्म पाकिटात घालू लागते) बाहेर माणसं खोळंबलीत, दादा.

बायडी : बोल ना. ड्रम पडल्यावर मणका चेपतो. पळून जातो काय?

जागृती : काही लोकांना सहा असतात.

झिपरू : असतात. शंभरात चार-पाच जणांना. ते पण तूच सांगितलंस. पण ज्याला असतात त्याला सरणावर जाईपर्यंत असतात. मोजायला कोणी शिकवलं मला? ह्या भिंतीवरच्या चित्रावर बोट ठेवून तूच ना? मानेत सात, बरगड्यांचे बारा, कंबरेत पाच.

बायडी : हा सापळा? फावड्यावर रेलून उभा हाय. मेला तरी बिगारीच दिसतो.

झिपरू : पाचशे वर्षांपूर्वीचं चित्र हाय ते. त्याच्या आधीचे मोठेमोठे वैद्य माकडं कापायचे आणि माणसाची हाडं म्हणून लिवायचे. हजार वर्षं कोणी मोजलं नाय. मग एकानं माणसाचं मढं उघडलं, आणि होतं तसं काढलं. ही गोष्ट तू मला सांगितलीस, जागृती. मी पाड्यावर सगळ्यांना सांगत फिरलो, आमची एक्स-रेवाली बाय कशी हुशार हाय म्हणून. आणि तू काय केलंस? माकडाच्या जागी दुसराच माणूस घेतलास, एवढंच.

जागृती : माझ्यावर दबाव होता, दादा.

झिपरू : माझ्यावर पण होता. दोनशे किलोचा.

जागृती : कंपनीचे साहेब म्हणाले, तसाच मणका असलेली जुनी फिल्म शोध. नाव, तारीख बदलून प्रिंट दे. नाही दिली तर उद्यापासून येऊ नकोस. दांडी गावाला बाबांची मासेमारीची बोट दोन वर्षं किनाऱ्यावर पडून आहे. घर माझ्या एकटीवर...

बायडी : म्हणून आमच्या घरातला कमावता आडवा करायचा?

झिपरू : मी कामाला लागलो तेवा तू नवीन होतीस. मशीन धड लावता येत नव्हतं. तुझ्या मशीनखाली कोणी झोपायला तयार नाय. कोण झोपलं? पाच वेळा तुझा फोटो बिघडला, पाच वेळा परत झोपलो. साहेबाला एका शब्दानं बोललो नाय.

जागृती : विसरले नाही मी.

झिपरू : मग ती तेवाची माझी फिल्म कुठं हाय?

जागृती : कॉम्प्युटरमधून काढून टाकली.

झिपरू : कोणी?

जागृती : मी.

बायडी : ऐकलंत? आता एकच सांग. सोमवारी कामगार ऑफिसात येशील का? ही फिल्म ह्यांची नाय, इतकंच बोलायचं. नायतर ह्यांचं ऑपरेशन पण नाय आणि काम पण नाय.

जागृती : नाही येता येणार, वहिनी.

झिपरू : राहू दे, बायडी. मग हे तरी सांग, हे सहा मणके कोणाचे?

जागृती : कशाला पाहिजे तुम्हाला?

झिपरू : माझ्या नावावर फिरतोय तो. कोण हाय ते कळू दे.

जागृती : सुका. कुंभवलीचा.

झिपरू : सुका? त्याला तर कंपनीनं तीन वर्षांपूर्वी काढला. फिल्म साफ हाय, पाठीला काय झालं नाय, नाटक करतो, असं सांगून काढला.

जागृती : साफ नव्हती. ही तीच फिल्म.

बायडी : अगं बाय... मी त्याला भर लग्नात बोलले. जेवायला बसला होता. म्हटलं, ताटावर वाकता येतं, गोणीवर वाकता येत नाय? भिंतीला धरून उठला आणि गेला.

जागृती : मला वाटलं होतं...

झिपरू : तुला काय वाटलं ते ठेव तुझ्याकडे. त्याचीच बायको त्याला कामचोर म्हणते. पोरं म्हणतात. परवा मलाच विचारत होता, 'झिपरू, फिल्ममध्ये काय नाय, मग मला दुखतं कसं? मी खरंच नाटक करतो काय रे?' संध्याकाळी मी त्याच्याकडे जाणार हाय. सांग, जागृती. काय सांगू त्याला?