डोणगावले निघालेला जावई

— तर मी काय म्हणत होती, डाक्टरीणबाई? हां, जावई! हसू नका. या गोजरबाईले पोरगी नाई, म्हणून काय जावई नसावा? तो पाहा आमचा मेंढा, टेम्पोत उभा — शिंगाले गोंडे, कपाळाले हळद-कुंकू. सारा पट्टा त्याले जावईच म्हणते. ज्याच्या मेंढ्या फळवायच्या तो घेऊन जाते याले, ढेप चारते, सरकी चारते, वापस धाडताना नारळ फोडते. माह्या नवऱ्याचा असा मान कधी झाला नाई — अन् त्याच्यानं इतकं काम बी झालं नसतं! लाजता काऊन, डाक्टर ना तुमी? आता जरा सुजलं हाये त्याचं — तिथंच हो, मागं — म्या म्हटलं थकला असन, काम का कमी हाये?

हाव, मेंढ्या गाभ टाकून राह्यल्या, खरं हाये. माह्या टाकल्या, किसनरावाच्या टाकल्या, देऊळघाटच्या जनकाबाईच्या त टाकल्याच टाकल्या. तुमी म्हणता जंतू. जंतू कुठून येईन हो? तिचा कळप तिकडे, माहा इकडे, मधात सारं वाळलेलं माळरान, हिरवं पान नाई — जंतू का पायी चालत आला? मी सांगते, करणी हाये. कोनाची? शेषरावाची! पुरावा? अवो, त्याचीच एक बी मेंढी गाभडली नाई! याच माळावर चरतात, याच टाक्यावर पाणी पेतात, तरी त्याच्याच दारात कोकरं उड्या मारून राह्यली. लय घमंडी मानूस. मी सोता म्हटलं त्याले, घेऊन जाय जावयाले — त म्हणे, घरचाच मेंढा पुरते मले! किसनराव नेते, जनकाबाई नेते, अन् हा लेकाचा —

काऊन पाहून राह्यल्या अशा? नेला नाई, त काय झालं? नेला नाई म्हणून...

थांबा जरा.

किसनरावाकडून आला तो जनकाबाईकडे गेला. तिथून माह्या कळपात. अन् आता डोणगावले, माह्या भावाकडे — मोतीरामच्या साऱ्या मेंढ्या वाट पाहून राह्यल्या त्याची. अरे देवा.

ए हरिओम! टेम्पो बंद कर बे! उतरव त्याले. मोतीरामले फोन लाव, सांग, जावई रुसला, येत नाई म्हणा. हो, कुठंच जात नाई तो आता.

तुमी काय उभ्या, बाई? काढा ती सुई, घ्या त्याचं रक्त तपासाले. मी धरते त्याले, कानामागं खाजवलं का गप राह्यते तो. अन् माह्या तोंडाकडे पाहू नका, त्याच्याकडे पाहा.