देवीचा दाता

धारूरच्या बसस्टँडवर मागच्या बाकावर म्हातारा आश्रुबा आणि त्याच्या गावची छबुबाई बोलत होते.

"लेकीची हळद गावदेवीला लावून आलीस का, छबुबाई?"

"म्युझियमात गेलते, दादा. देवी काचंत हाय."

"मजा हाय तिची! ऊन न्हाई, पाऊस न्हाई."

"शिपाई म्हनला, हात लावू नका, दगड झिजतो."

"पिढ्यान्‌पिढ्या आपुन हळद लावली, तवा न्हाई झिजला?"

"काचंच्या भाईर पाटी हाय. देणगी, माजी सरपंच."

"वा! त्याच्या बापानंच घडवली व्हती जनू. गावाला इचारलं कुनी?"

"कावून इचारतील? लई दानशूर मानूस."

"मग हळद माघारी आनलीस?"

"लगनाची हळद माघारी आनत्यात व्हय? सरपंचाच्या नावावर फासली. आता नाव दिसत न्हाई, देवी दिसती."